संगणकाच्या आवाजाची परीक्षा

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि इथल्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांपैकी एक मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. समजा, वसईतल्या एखाद्या शाळेने सहलीच्या वेळी त्या घंटेचा नाद मुद्रित करून आणला आणि वर्गातल्या संगणकावर वाजवून दाखवला. मुले ‘हुबेहूब!’ म्हणतील. पण हे ठरवायचे कसे? कानाला गोड लागलेला आवाज मूळ आवाजाशी इमान राखून असतोच असे नाही.

संगणकाच्या ध्वनियंत्रणेची परीक्षा घ्यायला घंटेचा नाद अगदी निरुपयोगी आहे. घंटेतून एकाच वेळी अनेक स्वर निघतात, ते एकमेकांच्या सरळ पटीत नसतात आणि काही जोड्या इतक्या जवळच्या असतात की नाद डोलल्यासारखा वाटतो. यात यंत्राने स्वतःची भर किती घातली हे वेगळे काढणार कसे? म्हणून प्रयोगशाळेत एकच शुद्ध स्वर देतात. एकच वारंवारिता आत घातली. बाहेर जे काही जास्तीचे आले ते सगळे यंत्राचे.

हा स्वर बहुधा ९९७ हर्ट्झचा असतो. सरळ १००० का नाही? गणिताच्या शिक्षकांना याचे उत्तर आवडेल. संगणक ध्वनीचे सेकंदाला ठरावीक नमुने घेतो, समजा ४८,०००. स्वर १००० हर्ट्झचा असेल तर प्रत्येक आवर्तनाला नेमके ४८ नमुने पडतात आणि तेच ४८ आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात. १६ बिटांच्या यंत्रात ध्वनीच्या ६५,५३६ पायऱ्या असतात. त्यांतल्या फार तर ४८ पायऱ्यांची तपासणी होते, बाकीच्या तशाच राहतात. ९९७ ही मूळ संख्या आहे. तिने ४८,००० ला भाग जात नाही, म्हणून नमुन्यांची मालिका पूर्ण एक सेकंद उलटल्याशिवाय पहिल्यापासून सुरू होत नाही. कानाला १००० आणि ९९७ यांत फारसा फरक कळणार नाही; पण यंत्राच्या कितीतरी अधिक पायऱ्या तपासल्या जातात.

दुसरी कसोटी खरखरीची. वाटते की काहीच न वाजवता यंत्रातून किती खरखर येते ते मोजावे, झाले. पण काही यंत्रे चतुर असतात. आतून नुसती शून्ये येत आहेत असे दिसताच ती आवाजाचा मार्गच बंद करतात आणि शांततेत पैकीच्या पैकी गुण मिळवतात! यावर उपाय असा : सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा ६० डेसिबलने कमी, म्हणजे विद्युत्-दाबाच्या हिशेबात एक हजारांश, असा ९९७ हर्ट्झचा बारीक स्वर चालू ठेवायचा, मोजताना तो गाळून टाकायचा आणि उरलेले मोजायचे. स्वर चालू असल्याने यंत्राला दार लावता येत नाही. ध्वनि-अभियंत्यांच्या एईएस-१७ या मानकात हीच पद्धत आहे. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबलची कमाई होते, म्हणून १६ बिटांच्या यंत्राकडून ९६ च्या आसपास अपेक्षा ठेवता येते. प्रत्यक्षात संगणकाच्या पेटीतला प्रोसेसर आणि वीजपुरवठा यांची कुरबुर ध्वनीच्या तारांत शिरते आणि आकडा खाली येतो.

तिसरी कसोटी विरूपणाची. ९९७ दिले आणि १९९४, २९९१ असे दुपटी-तिपटीचे स्वरही बाहेर आले, तर ते यंत्राने निर्माण केले. ते मूळ स्वराच्या ०.१ टक्का असतील तर ६० डेसिबल खाली, ०.०१ टक्का असतील तर ८० डेसिबल खाली. याखेरीज २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत सर्व वारंवारिता सारख्याच जोराने पुढे जातात का, आणि संगणक इतर कामांत गुंतला असता मधेच नमुने गळून ‘टक्’ असा आवाज येतो का, हेही पाहतात.

मग संगणकावर जे शिक्के असतात ते याच परीक्षांचे का? १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘पीसी ९९’ ही मार्गदर्शिका काढली. मायक्रोफोनसाठी गुलाबी, हेडफोनसाठी हिरवे, बाहेरचा ध्वनी आत घेण्यासाठी निळे भोक ही रंगांची ओळख तिने रूढ केली. मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणन योजनेतही उत्पादकांना ध्वनीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. आपल्याकडे मात्र सक्तीच्या नोंदणी आदेशानुसार लॅपटॉपवर भारतीय मानक ब्यूरोचे जे चिन्ह येते, ते विजेचा धक्का, आग अशा धोक्यांपासूनच्या सुरक्षिततेचे आहे. ते हवेच, पण आवाजाच्या गुणवत्तेबद्दल ते काहीही सांगत नाही. शाळेसाठी खरेदी करताना ही गल्लत सर्रास होते.

एक सोपी चाचणी वर्गात करता येईल. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत ९९७ हर्ट्झचा स्वर तयार करावा. हेडफोनच्या भोकातून तो तारेने ध्वनी आत घेण्याच्या भोकात न्यावा (पातळी अगदी कमी ठेवून, मायक्रोफोनचे भोक फार संवेदनशील असते) आणि मुद्रित करून त्याचा वर्णपट पाहावा. मुख्य सुळक्याच्या उजवीकडे १९९४ पाशी दुसरा सुळका दिसला तर ते विरूपण. डावीकडे ५० किंवा १०० पाशी दिसला तर ती आपल्या घरगुती विजेची गुणगुण. चार्जर काढून पुन्हा मुद्रण करावे. पुष्कळदा ती लगेच खाली येते. तसे झाले तर ती वीजपुरवठ्याच्या वाटेने येत असण्याची शक्यता अधिक.

वसईच्या शिक्षकांना या खटाटोपाचे आणखी एक कारण आहे. सामवेदी कुपारींची कादोडी, वाडवळांची वाडवळी या बोली आणि त्यांतली लग्नाची गाणी ज्या आज्यांच्या तोंडी आहेत, त्या काही कायम राहणार नाहीत. विद्यार्थी उत्साहाने मुद्रण करतात, पण पातळी जास्त ठेवल्याने वरचा स्वर लागताच लाटांचे माथे कापले जातात. खरखर नंतर थोडीफार गाळता येते. कापलेला माथा परत मिळत नाही, फार तर अंदाजाने जोडता येतो. म्हणून सर्वांत मोठा स्वरही कमाल पातळीच्या १० ते १२ डेसिबल खालीच राहील असे पाहावे. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, पंखा बंद करावा, आणि आजी गाऊ लागण्यापूर्वी ९९७ हर्ट्झचा तोच स्वर तारेने आत नेऊन दहा सेकंद मुद्रित करून ठेवावा. पुढे कुणी ती फाईल उघडली, तर गाण्यातली खरखर आणि विरूपण यांत संगणकाचा वाटा किती, हे त्याला त्या दहा सेकंदांवरून मोजता येईल.