वाढत्या अंगाचे बूट बर्फावर चालत नाहीत

हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला जाऊन स्कीइंगचा कोर्स करणारी मराठी मुलं आता नवलाची राहिली नाहीत. परदेशात स्थायिक झालेल्या घरांतली मुलं तर कधी कधी शाळेच्या सहलीतूनच बर्फावर पोचतात. सामान घ्यायची वेळ आली की आईवडील नेहमीचे आडाखे लावतात: जरा मोठं घ्यावं, चांगलं महागाचं घ्यावं, एकदाच काय ते घ्यावं. शाळेच्या गणवेशाला हे लागू पडतं. स्कीचं सामान मात्र मुलाच्या आजच्या उंचीला, आजच्या वजनाला आणि आजच्या कौशल्याला जुळलेलंच लागतं. बारा ते सतरा या वयात तिन्ही भराभर बदलतात, म्हणून चुकाही याच वयात जास्त होतात.

गैरसमज: पाय वाढतोय, बूट एक नंबर मोठे घ्या. आत दोन मोजे चढवले की झालं.

वस्तुस्थिती: स्की वळते ती बुटातून पोचलेल्या हालचालीने. नडगी पुढे रेलली की बूट वाकतो आणि वजन स्कीच्या पुढच्या भागावर जातं. बूट ढिला असेल तर पाय आधी आतल्या आत फिरतो, स्की मागाहून, आणि टाच उचलली जाते. मग मूल घाबरून बकलं आवळतं, रक्तपुरवठा अडतो आणि बोटं गार पडतात. जाड मोज्यांनीही हेच होतं; वर सुरकुत्या पडून फोड येतात. मोजा एकच हवा: पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, पोटरी झाकणारा. सुती मोजा घाम धरून ठेवतो.

या बुटांचं माप म्हणजे सेंटिमीटरमधली पावलाची लांबी. पाऊल २४.५ सेंटिमीटरचं, तर बूटही २४.५ चा. दुकानात एक परीक्षा जरूर करावी. आतलं मऊ लायनर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागची फट पाहायची. दीड-दोन सेंटिमीटर असेल तर ठीक. वाढत्या पायाला सवलत द्यायची ती याच दोनच्या आत. मग लायनर घालून बकलं लावायची. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत. गुडघे पुढे वाकवले की ती मोकळी झाली पाहिजेत आणि टाच जागची हलता कामा नये. पहिल्यांदा घालणाऱ्याला हे घट्टच वाटतं. दहा-पंधरा मिनिटं दुकानात तसंच फिरू द्यावं. सगळीकडून सारखा आवळ चालेल, एकाच जागी दुखणं नाही.

बुटावर आणखी एक आकडा असतो, फ्लेक्सचा. आकडा जेवढा मोठा, तेवढा बूट वाकायला कडक. शंभर-एकशेवीसवाले बूट भारी म्हणून घेतले तर हलक्या वजनाच्या नवशिक्याला ते वाकवताच येत नाहीत. त्याला साधारण ६० ते ८० पुरतो. पण दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, कारण त्यांचं समान मोजमाप नाही.

गैरसमज: हात वर करून मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब स्की हवी.

वस्तुस्थिती: हा नियम सरळसोट स्कीच्या काळातला. १९९० च्या दशकात मधे निमुळत्या, टोकांना रुंद अशा स्की रूढ झाल्या आणि लांबीचं गणित बदललं. नवशिक्यासाठी उभी धरलेली स्की हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान यावी. वजन कमी असेल तर हनुवटीकडे झुकावं. गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फाचे व्हिडिओ पाहून मुलं रुंद स्की मागतात. त्या खोल बर्फात तरंगण्यासाठी असतात. तुडवून सपाट केलेल्या उतारावर शिकताना ७० ते ८० मिलिमीटर कंबरेची, म्हणजे मधल्या भागात तेवढी रुंद, स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लवकर येते.

गैरसमज: बाइंडिंग घट्ट केलं की मूल सुरक्षित.

वस्तुस्थिती: बूट स्कीला धरून ठेवणं हे बाइंडिंगचं अर्धं काम, पडताना वेळेवर सोडणं हे उरलेलं अर्धं. सुटलं नाही तर लांब स्की तरफेसारखी पाय पिळते आणि नडगीचं हाड किंवा गुडघा जायबंदी होतो. फार सैल असेल तर स्की भलत्या वेळी निघून मूल पडतं. बाइंडिंग किती जोराला सुटावं याचा आकडा, म्हणजे डीआयएन सेटिंग, वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो. त्यासाठी आयएसओ ११०८८ हे मानक आहे. तळव्याची मिलिमीटरमधली लांबी सहसा बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते.

घोटाळा बहुधा दुकानातल्या फॉर्मवर होतो. कुणी लाजून वजन चुकीचं सांगतं, कुणी मित्रांदेखत स्वतःला तरबेज म्हणवून घेतं. तरबेज लिहिलं की आकडा चढतो आणि बाइंडिंग उशिरा सुटतं. मुलाने नवशिका असंच लिहिलं आहे ना, हे मोठ्यांनी पाहावं. बूट बदलले किंवा वर्षभरात वजन वाढलं तर सेटिंग पुन्हा करून घ्यावं, तेही तंत्रज्ञाकडूनच. मित्राचा स्क्रू-ड्रायव्हर इथे कामाचा नाही.

गैरसमज: सायकलचं हेल्मेट चालतं.

वस्तुस्थिती: चालत नाही. ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० असा शिक्का असलेलं स्कीचंच हेल्मेट हवं. पट्टा न लावता डोकं हलवलं तरी ते जागेवर राहिलं पाहिजे. जोराचा आपटा बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद समजावं. आणि हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

गैरसमज: ढगाळ दिवशी गॉगल नको.

वस्तुस्थिती: दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. गुलमर्ग आहे सुमारे २,६५० मीटरवर. विरळ ढगांतून ही किरणं सहज येतात, म्हणून डोळे पोळायला लख्ख ऊन लागत नाही. ढगाळ दिवशी उजळ काच घ्यावी, म्हणजे बर्फातले उंचवटेही दिसतात. गॉगल आणि हेल्मेट एकत्र घालून पाहावं. मधे कपाळाची पट्टी उघडी राहू नये.

गैरसमज: जाडजूड स्वेटर, जीन्स आणि आजीने विणलेले हातमोजे पुरे.

वस्तुस्थिती: नवशिका पडतो, बसतो, पुन्हा उठतो. जीन्स भिजते आणि वाळत नाही; विणीच्या हातमोज्यातून पाणी झिरपतं. अंगालगत घाम बाहेर टाकणारा कपडा, त्यावर फ्लीस, सगळ्यांवर जलरोधक जॅकेट आणि पँट. हातमोजेही जलरोधक. आजीचा स्वेटर संध्याकाळी हॉटेलात.

गैरसमज: भाड्याचं सामान म्हणजे दुय्यम, सगळं विकतच घ्यावं.

वस्तुस्थिती: शिकण्याच्या काळात भाडंच शहाणपणाचं. आपल्याकडच्या अनेक कोर्समध्ये स्की, बूट आणि काठ्या शुल्कातच मिळतात. अर्ज करतानाच विचारून घ्यावं. परदेशात काही दुकानं पूर्ण हंगामासाठी सामान देतात आणि मधेच पाय वाढला तर बूट बदलूनही देतात. काठ्यांवर तर वेगळा विचारच करू नये. पहिल्या धड्यांत बरेच प्रशिक्षक त्या बाजूलाच ठेवायला लावतात.

मोजे, हातमोजे, गॉगल आणि हेल्मेट आधी स्वतःचे घ्यावेत. मुलाला गोडी लागली, दर हंगामाला जाणं ठरलं, की मग बूट. स्की सर्वांत शेवटी, पायाची आणि उंचीची वाढ थांबत आल्यावर. तोवर दर हंगामाआधी पाऊल, उंची आणि वजन नव्याने मोजावं आणि तेच आकडे फॉर्मवर लिहावेत.