पहिल्या सरीचा वास

जूनमध्ये पहिली सर आली की पुणेकर खडकवासला धरणाची वाट धरतात. भाजलेलं कणीस, कांदाभजी आणि भिजणं. यातलं भिजणं फुकट, म्हणून बहुधा सर्वांत दुर्लक्षित!

त्या सरीबरोबर येणारा मातीचा वास ऑगस्टमध्ये, धरणाचे दरवाजे उघडून मुठा नदीत पाणी सोडतात तेव्हा, जवळजवळ नाहीसा झालेला असतो. पाऊस तर तेव्हाही असतोच. मग वास कुठे जातो?

मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात. हवेत ते अब्जावधी भागांत एखादा भाग असलं तरी आपल्या नाकाला कळतं. शिवाय उन्हाळाभर वनस्पतींची तेलं कोरड्या मातीत साठतात. तेलांची ही गोष्ट बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये मांडली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2015 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने पुढचा टप्पा टिपला. सच्छिद्र मातीवर थेंब आपटला की खाली हवेचे बुडबुडे अडकतात, सोड्यासारखे वर येऊन फुटतात आणि वासाचे सूक्ष्म कण हवेत उडवतात. हलक्या, मध्यम सरीत हे जास्त होतं, मुसळधार पावसात कमी. ऑगस्टची चिंब माती तर पाण्यानेच भरलेली. बुडबुड्यांना हवा आणायची कुठून?

हा वास घेत भिजायचं असेल, तर सर्दीची भीती थोडी बाजूला ठेवा. सर्दी विषाणूंमुळे होते, पावसामुळे नव्हे. ओल्या कपड्यांत वाऱ्यावर बसून कुडकुडू नका, एवढंच. आणि धरणाच्या निसरड्या काठापासून लांबच भिजा.