काल आलेला शब्द आज अडतो तेव्हा

‘काल तर पानी म्हणालास, मग आज का नाही?’ धाकट्या मुलाला आम्ही कितीदा असे दरडावले. पेला हातात धरून शब्दाची वाट पाहायचो. तो रडत, तहानलेलाच निघून जायचा. वर्गातली मुले सांभाळणाऱ्या आम्हाला घरचे मूल मात्र हट्टी वाटत होते.

तो ४ वर्षांचा असताना वाचा-उपचार तज्ज्ञांनी तपासून सांगितले, हा स्पीच अप्रॅक्सिया आहे. अशा मुलाला बोलायचे असते. ओठ-जीभ दुबळी नसते. पण ती कोणत्या क्रमाने हलवायची याची आखणी मेंदूत नीट होत नाही. म्हणून काल आलेला शब्द आज अडतो. हा आळस नव्हे. घरात उर्दू आणि बाहेर मराठी ऐकल्यानेही हे होत नाही.

तज्ज्ञांनी घरच्याच बोलीतले मोजके शब्द दिले. तासभर समोर बसवण्याऐवजी आम्ही ते दिवसभरात वाटले. दस्तरखानवर रोटीच्या प्रत्येक तुकड्याला ‘दो’. हात धुताना ‘पानी’ आणि ‘बस’. आम्ही त्याच्यासमोर बसून हळू म्हणतो, तो आमचे ओठ पाहतो. आधी सोबत, मग आमच्यामागून, मग एकटा. नुसते फुगे फुगवून बोलणे येत नाही, शब्दच पुन्हा पुन्हा म्हणावे लागतात. अडला आणि बोटाने दाखवले, तरी पाणी लगेच मिळते. खुणांमुळे बोलणे मागे पडत नाही, उलट चिडचिड कमी होते.

अवघड होते ते दादींना समजावणे. पाहुणे आले की त्या म्हणत, ‘सलाम करो, ठीक से!’ तो पडद्यामागे लपायचा. शेवटी ठरले, कपाळाला हात लावला तरी सलाम झाला.

मूल बोलण्यात मागे वाटले तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नये. दुआ करावीच, पण तपासणीही करावी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवणदोषांवर काम करते. इतरांनी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

यंदाच्या ईदला मामू आले. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, ‘सला...’

दादींनी शब्द दुरुस्त केला नाही. मामूंनी मात्र जवाब पूर्ण दिला : ‘वालेकुम अस्सलाम, बेटा.’