पुरुष असेच असतात, हे कोणी ठरवलं?

लिफ्टमध्ये दोन पुरुष उभे आहेत. एक सुंदर तरुणी आत येते. दोघंही लगेच श्वास रोखून सुटलेली पोटं आत ओढतात. ती बाहेर पडताच दोघांचा श्वास सुटतो आणि पोटंही. मग शब्द येतात, ‘मेन विल बी मेन’. इम्पीरियल ब्लूची ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल, हसलाही असाल. विनोद छान जमलाय, यात वाद नाही. पण हसून झाल्यावर स्वतःला विचारा, ही जाहिरात नेमकी कशाची आहे?

नाव दारूचं, माल सीडीचा

इम्पीरियल ब्लू ही व्हिस्की आहे. पण टीव्हीवर तिची बाटली दिसत नाही, नाव घेतलं जातं म्युझिक सीडीचं. कारण केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांनुसार दारूची प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करायला मनाई आहे. म्हणून कोणी सोडा दाखवतं, कोणी ग्लास, तर कोणी सीडी. आता सांगा, तुमच्या ओळखीत ही सीडी कोणी विकत घेतली आहे? घरात सीडी प्लेअर तरी उरलाय का? नाव मात्र लहान मुलांनाही पाठ असतं.

आगाऊ माफी

जाहिरातीचं म्हणणं सरळ आहे, पुरुष असेच असतात, हसा आणि सोडून द्या. हे आपल्याला नवीन नाही. नवरा पिऊन आला की शेजारीण, सासू, कधी सख्खी आईसुद्धा समजावते, ‘पुरुषमाणूस आहे, चालायचंच.’ जाहिरातीने तेच वाक्य सुटाबुटात आणून उभं केलं. चूक होण्याआधीच माफी तयार!

शिवाय व्हिस्कीच्या नावाला पुरुषपण चिकटवलं की ‘पितो तो खरा पुरुष’ हा अर्थ न बोलताच मुलांपर्यंत पोहोचतो. हा अर्थ किती खोटा आहे, ते आकडेच सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 15 वर्षांवरील साधारण 19 टक्के पुरुष दारू पितात. आपल्या छत्तीसगडमध्ये हे प्रमाण जवळपास 35 टक्के आहे. म्हणजे इथेही तीनपैकी जवळजवळ दोन पुरुष पीत नाहीत. मग ते पुरुष नाहीत का?

आणि जे पितात, त्यांच्या घरचा हिशेब जाहिरातीत कधीच येत नाही. पगाराच्या दिवशी दाराकडे लागलेले डोळे, थकलेली शाळेची फी, आवाज चढला की गप्प होणारी मुलं. 2018 च्या निवडणुकीत इथे दारूबंदीचं आश्वासन गाजलं, ते उगाच नाही.

तुम्ही काय करू शकता?

टीव्ही बंद करून भाषण देऊ नका. मुलांनाच विचारा, ‘ही कशाची जाहिरात आहे, ओळखा पाहू?’ एकदा युक्ती कळली की मुलं स्वतःच अशा जाहिराती पकडू लागतात.

जून 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडवळणाच्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. एखादी जाहिरात खटकली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा.

आणि घरात पुन्हा कोणी ‘चालायचंच’ म्हणालं, तर शांतपणे विचारा, ‘कोणाला चालतं?’