बाहुलीची कातडी आणि तिचा साचा

दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट तयार केला. काड्या किंचित हलवावयाच्या, एक चित्र टिपावयाचे, पुन्हा हलवावयाच्या, पुन्हा टिपावयाचे. अशी चित्रे वेगाने पडद्यावर आली, की निर्जीव काड्या स्वेच्छेने नाचू लागल्याचा भास होतो. ह्याच युक्तीला स्टॉप-मोशन असे नाव आहे. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. प्रत्येक स्थिती दोनदा टिपली, तरी एका मिनिटासाठी ७२० वेळा हात लावावा लागतो.

परंतु आगकाडीला ना कोपर, ना गुडघा. ज्या बाहुलीने चालावयाचे, रागवावयाचे आणि धापा टाकावयाच्या, तिच्या अंगी दोन परस्परविरोधी गुण हवेत. तिचे अंग मांसासारखे मऊ हवे. आणि वाकविलेला हात तसाच वाकलेला राहावा, एवढी ती ताठही हवी. ताठपणा आतील सांगाडा देतो. मऊपणा लेटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाचा चीक देतो.

१९३३ सालच्या ‘किंग काँग’ ह्या अमेरिकन चित्रपटातील अजस्र वानर प्रत्यक्षात सुमारे दीड फूट उंचीचा होता. त्याला चालते-बोलते करणारे विलिस ओब्रायन; बाहुल्या घडविणारे मार्सेल डेल्गादो. डेल्गादो धातूच्या सांगाड्यावर कापसाचे स्नायू बांधीत, त्यावर लेटेक्स चढवीत आणि वरून सशाची लोकर लावीत. ह्या पद्धतीत प्रत्येक बाहुली हातानेच नव्याने घडे. परिणामी काही दृश्यांत काँगचा चेहरा लांबट, तर काहींत आखूड दिसतो. पहिलीसारखी हुबेहूब दुसरी बाहुली हवी असेल, तर साचा हवा.

प्रथम मूर्ती मातीत घडवितात. हात अंगापासून दूर आणि पाय फाकलेले ठेवतात, म्हणजे साचा सहज सुटतो. माती तेलमिश्रित, न वाळणारी असते. तिच्यात गंधक मात्र नसावे. गंधकाच्या स्पर्शाने काही जातींचे सिलिकोन घट्ट होतच नाही आणि सर्व श्रम चिकट लगद्यात बुडतात. मूर्तीवरील प्रत्येक सुरकुती साच्यात उतरते; पण कारागिराच्या बोटाचा ठसाही तितक्याच प्रामाणिकपणे उतरतो. म्हणून शेवटचा हात फार जपून फिरवावा लागतो.

मग मूर्ती आडवी ठेवून तिचा अर्धा भाग मातीच्या गादीत बुडवितात. गादीवर जागोजाग गोल खळगे करतात. त्यांच्यामुळे साच्याची दोन शकले पुढे नेमकी जुळतात. सिलिकोनचे दोन घटक वजन करून मिसळतात आणि बारीक धारेने एका कोपऱ्यातून ओततात, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. ते घट्ट झाल्यावर त्याला आधार म्हणून प्लास्टरचे कवच देतात. नंतर सारे उलटून मातीची गादी काढावयाची आणि दुसरे शकल ओतावयाचे. त्यापूर्वी पहिल्या शकलाच्या कडांना व्हॅसलीन लावणे विसरता कामा नये. एरवी कशालाही न चिकटणारे सिलिकोन सिलिकोनला मात्र कायमचे चिकटते.

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रबराच्या साच्यातून प्लास्टरची मूर्ती निघते. येथे मूर्तीच रबराची. पूर्वी लेटेक्ससाठी प्लास्टरचे साचे वापरीत. प्लास्टर पाणी शोषून घेते, त्यामुळे चीक लवकर आळतो. सिलिकोन पाण्याचा थेंबही पीत नाही. म्हणून लेटेक्स कुंचल्याने पातळ थरांनी लावतात आणि प्रत्येक थर पूर्ण सुकू देतात. घाईने जाड थर दिला, तर वरून साय धरते आणि आत ओलच राहते. पांढरा चीक पिवळसर व पारदर्शक झाला, की थर सुकला असे समजावे. कुंचला आधी साबणाच्या पाण्यात बुडवावा, नाही तर त्याचे केस जन्माचे चिकटतात. चिकात अमोनिया असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सांगाडा ॲल्युमिनियमच्या पिळलेल्या तारांचा करतात. हाडांच्या जागी एपॉक्सी पुट्टी लावतात, म्हणजे तार केवळ सांध्याशीच वाकते. तळपायात नट बसवितात. खालून स्क्रू आवळला, की बाहुली एका पायावरही उभी राहते. तांबे आणि पितळ मात्र वर्ज्य, कारण तांब्याच्या सहवासात रबर कुजते. सांगाड्याभोवती मऊ स्पंज भरून तो साच्यात ठेवतात, कडांना लेटेक्स लावतात आणि दोन्ही शकले दाबून मिटतात. साचा उघडताना संगजिऱ्याची पूड शिंपडतात, अन्यथा बाहुलीचा हात तिच्याच अंगाला चिकटून बसतो. शिवण कातरून, वर लेटेक्स पुसून लपवितात. रंगही लेटेक्समध्येच कालवितात, म्हणजे कोपर वाकताना तो तडकत नाही.

इतके करूनही ही कातडी अमर नाही. ऊन, हवा आणि काळ ह्यांनी रबर प्रथम चिकट, मग ठिसूळ होते. २००९ साली लंडनमध्ये काँगच्या एका बाहुलीचा लिलाव झाला. एक लाखाहून अधिक पौंड मोजून खरेदीदाराच्या हाती आला तो केवळ धातूचा सांगाडा. कापूस, रबर आणि लोकर केव्हाच झडून गेली होती. ॲल्युमिनियमची तारही वारंवार वाकून तुटते, आणि ती बहुधा दृश्य अर्धे टिपून झाल्यावरच तुटते. अशा वेळी साचा जपून ठेवला असेल, तर तोच चेहरा आणि तीच सुरकुती घेऊन दुसरी बाहुली काही दिवसांत उभी राहते आणि अडलेले पाऊल पुढे पडते. म्हणून जाणते कारागीर बाहुली पूर्ण झाल्यावर साचा स्वच्छ धुतात, दोन्ही शकले मिटून कवचात बसवितात आणि मगच कॅमेऱ्याकडे वळतात.