दाताचा टवका उडाला तर

भाकरीत खडा आला, बैलाचे शिंग लागले, की दाताचा टवका उडतो. आपण म्हणतो, "दुखत नाही ना, मग राहू द्या!" आम्हीही असेच म्हणत होतो. पण ती चूक आहे. मोडलेले हाड सांधते. फुटलेला दात आपोआप भरून येत नाही. त्याला कीड लागते, तो ठणकतो. शेवटी काढावा लागतो.

म्हणून कोमट पाण्याने चूळ भरावी. गाल सुजला तर बाहेरून गार पाण्याची घडी ठेवावी. मिश्री, तंबाखू लावू नये. तुकडा सापडला तर दुधात घालून बरोबर न्यावा. त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे जावे. ते तुकडा चिकटवतात, नाहीतर दाताच्या रंगाचा मसाला भरतात.

एक दिवसाची मजुरी बुडेल, पण दात वाचेल.