मनगटाची किंमत शेकडा किती?

अंगठा ताठ करून मागे ओढला, म्हणजे त्याच्या मुळाशी दोन शिरांच्या मध्ये एक लहानसा खळगा दिसू लागतो. तपकीर ओढणारी मंडळी पूर्वी चिमूटभर तपकीर याच खळग्यात ठेवून नाकाशी नेत, म्हणून पाश्चात्त्य शरीरशास्त्राने त्याला 'तपकिरीची डबी' असेच नाव देऊन टाकले आहे. या डबीच्या तळाशी नावेच्या आकाराचे एक हाड असते. मनगटातील आठ लहान हाडांपैकी हे एक. त्याला 'स्कॅफॉइड' म्हणतात. माणूस पुढे पसरलेल्या तळहातावर आपटला की पुष्कळदा हेच हाड मोडते, आणि मोडले तरी पहिल्या एक्स-रेत ते अनेकदा दिसत नाही. त्याचा रक्तपुरवठाही विचित्र असतो. रक्त बोटांकडच्या टोकातून शिरते आणि मागे वळते. त्यामुळे हाड मधोमध मोडले की मागचा तुकडा उपाशी राहतो, सांधा जुळत नाही, आणि काही वर्षांनी सबंध मनगट संधिवाताने जखडून जाते.

आता उदाहरणादाखल एक जवान डोळ्यांपुढे आणू. लडाखमधील एखाद्या चौकीवर पाण्याचा डबा नेत असता बर्फावरून त्याचा पाय घसरतो व तो हातावर पडतो. एम. आय. रूममध्ये पट्टी बांधली जाते, दुखणे थांबण्याच्या गोळ्या मिळतात. एक्स-रे निघतो, पण त्यात काही आढळत नाही. जवान तरुण असतो. मनगट दुखते म्हणून पडून राहण्याची त्याला लाज वाटते, आणि चार दिवसांत तो पुन्हा कामावर हजर होतो. बारा वर्षांनी सेवा संपते, तेव्हा त्या हाताने भरलेली बादली उचलवत नाही, स्कूटरचा ब्रेक दाबवत नाही, बरणीचे झाकण बायकोला उघडून द्यावे लागते. निवृत्तीपूर्वी बसणारे वैद्यकीय मंडळ हात तपासते, दोष आहे हेही मान्य करते, आणि खाली शेरा मारते : सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही.

मंडळातील डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांच्या पुढ्यात एक कागदच नसतो. दुखापत झाली की तुकडीने ठरावीक नमुन्यावर तिची नोंद करावयाची असते. ती केव्हा, कोठे, कोणते काम करताना झाली, आणि त्या वेळी जवान कर्तव्यावर होता काय, हे अधिकाऱ्याच्या सहीनिशी त्यात येते. पाय तुटला, गोळी लागली, तर ही नोंद चुकत नाही. मनगट मुरगळले तर मात्र ती करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. हाताच्या बहुतेक प्रकरणांचे दुर्दैव येथेच सुरू होते, असे माझे मत आहे.

अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. दोषाचा सेवेशी संबंध असला पाहिजे, आणि त्याचे प्रमाण शेकडा २० किंवा अधिक भरले पाहिजे. हे दुसरे मोजमाप मोठे मजेदार आहे. कारखान्यांतील कामगारांसाठी १९२३ साली झालेल्या भरपाईच्या कायद्यात अंगठा गेल्यास शेकडा ३०, तर्जनी गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२ आणि सबंध पंजा गेल्यास ६० असे कोष्टकच दिलेले आहे. द्रोणाचार्यांनी एकलव्याजवळ तर्जनी न मागता अंगठाच का मागितला, हे या आकड्यांवरून सहज उमगते! सैनिकांकरिता वैद्यकीय मंडळांची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. परंतु तुटलेले बोट मोजता येते, तसे ताठरलेले मनगट किंवा बधिर बोट मोजता येत नाही. सियाचीनमध्ये १९८४ पासून आपले जवान उभे आहेत. तेथे हिमदंश झालेली बोटे पुढे दिसायला धडधाकट दिसतात, पण थंड पाण्यात घातली की कळ मस्तकात जाते. अशा वेळी मनगट किती अंश वाकते, मूठ किती जोराने आवळते आणि माणूस उजवा आहे की डावखुरा, या तिन्ही गोष्टी मंडळाच्या कागदावर याव्यात असा आग्रह धरणे आवश्यक आहे.

हा आग्रह व्यर्थ नव्हे. पूर्ण अपंगत्वासाठी अखेरच्या वेतनाच्या शेकडा ३० इतकी रक्कम मिळते, आणि प्रमाण कमी असेल तशी ती घटते. मात्र सेवेशी संबंध मान्य झाला, तर शेकडा २० ते ४९ पर्यंतचे प्रमाण ५० धरण्याची तरतूद आहे. मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही तिचा लाभ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने रामअवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी ठरविले. म्हणजे १९ ला काही नाही, आणि २० ला एकदम ५०! त्याच वर्षीच्या सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालयाने आणखी असे म्हटले की, ज्याला वैद्यकीय कारणास्तव सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व शेकडा २० हून अधिक होते असेच धरले पाहिजे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी आपले प्रकरण त्या नियमांवरूनच तपासून घ्यावे.

नकाराचे पत्र आले की पुष्कळ घरांत ते शेवटचे समजून पेटीत जाते. वास्तविक ते आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करता येते. तेही फेटाळले गेले, तर पुढील सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर २००७ च्या कायद्याने निर्माण झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहेच. त्याचे उद्घाटन ऑगस्ट २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. महाराष्ट्र, गोवा व गुजरात यांसाठी त्याचे पीठ मुंबईस आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांनी जबलपूरच्या पीठाकडे जावे.

अपिलात आपल्या हलाखीचे वर्णन करून फारसे साधत नाही. तारीख, ठिकाण, कोणते काम चालू होते, एम. आय. रूमच्या वहीतील नोंद, सोबत असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे, जुने एक्स-रे, मधल्या वर्षांतील उपचारांच्या चिठ्ठ्या या वस्तू बोलतात. वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली ती मागावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देण्यास साहाय्य मिळते.

इजा नसून रोग असेल, उदाहरणार्थ मनगटातील मज्जातंतू दबून बोटे बधिर होणे, तर २०१३ चा धर्मवीर सिंग निकाल उपयोगी पडतो. ते प्रकरण अपस्माराचे होते. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो सेवेत जडला असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, आणि शंकेचा फायदा सैनिकास मिळावा, असे तत्त्व त्यात सांगितले आहे. मात्र रजेवर घरी असता कडबाकुट्टीत बोट सापडले, तर आशा थोडीच. रजेत झालेल्या स्कूटर अपघाताचा सेवेशी संबंध नाही, असे २०११ च्या जुझार सिंग प्रकरणात ठरले आहे. शेतकऱ्याचा मुलगा रजेत शेतात राबणारच, हे जाणूनही मला त्या निकालात चूक काढता येत नाही.

विलंबाची मात्र किंमत मोजावी लागते. तरसेम सिंग हे १९८३ साली सेवेतून बाहेर पडले व १९९९ साली न्यायालयात गेले. २००८ च्या निकालात त्यांचा हक्क राहिला, पण थकबाकी दाव्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळाली. मधली तेरा वर्षे गेली ती गेलीच.

म्हणून घरातील भगिनींना एक सुचवावेसे वाटते. पेटीच्या तळाशी जुनी पत्रे असतील, ती चाळून पाहावीत. एखाद्या महिन्याचे पत्र भलत्याच वेड्यावाकड्या अक्षरात, डाव्या हाताने लिहिलेले सापडेल. 'हाताला जरा लागले आहे, काळजी करू नये' एवढेच त्यात असेल. ते एकटे पुरेसे होणार नाही. पण त्यावर सैनिकी टपालाचा शिक्का आहे, आणि शिक्क्यात तारीख आहे.